उंदीर चावलाच नाही, तरी लेप्टो झाला कसा?

पहिला मोठा पाऊस झाला की मुंबईच्या बातम्या ठरलेल्या असतात. हिंदमाता आणि किंग्ज सर्कलला पाणी, अंधेरी सबवे बंद, लोकल उशिरानं. मग साधारण दहा-बारा दिवसांनी आणखी एक बातमी येते, बहुतेकदा आतल्या पानावर: शहरात लेप्टोचे रुग्ण वाढले. या दोन बातम्यांचा संबंध मधल्या दिवसांत बहुतेक जण विसरून गेलेले असतात. रुग्णसुद्धा. तापानं फणफणलेल्या माणसाला डॉक्टर विचारतात, "पाण्यातून चालला होतात का?" तेव्हा कुठे त्याला गेल्या आठवड्यातली ती संध्याकाळ आठवते.

लेप्टो म्हणजे लेप्टोस्पायरोसिस. शहरातल्या उंदरांमुळे माणसांना होणाऱ्या आजारांत आज आपल्याकडे सगळ्यात महत्त्वाचा हाच. उंदरांचा बंदोबस्त म्हटला की किती उंदीर मारले, हा प्रश्न आधी विचारला जातो. पण हा आजार पसरतो कसा, हे नीट पाहिलं तर तो प्रश्नच अपुरा वाटायला लागतो.

चावण्याची भीती, लघवीचा धोका

उंदरांचा विषय निघाला की डोळ्यांसमोर त्याचे दात येतात. जून २०२१ मध्ये मुंबईच्या राजावाडी रुग्णालयात अतिदक्षता विभागातल्या एका रुग्णाच्या डोळ्याजवळ उंदरानं कुरतडल्याचं उघड झालं, तेव्हा राज्यभर संताप उसळला. तो योग्यच होता. उंदराच्या चाव्यानंही ताप येऊ शकतो, जखम चिघळू शकते. चावा बसला तर जागा साबण-पाण्यानं भरपूर धुवायची आणि डॉक्टरांना दाखवायचं. ते धनुर्वाताचं इंजेक्शन द्यायचं का, ते ठरवतात. रेबीजची भीती मात्र उंदरांच्या बाबतीत फार क्वचितच खरी ठरते.

तरीही शहरात उंदरांमुळे आजारी पडणाऱ्या बहुतेकांना उंदीर चावलेला नसतो. अनेकांना तो दिसलेलाही नसतो.

लेप्टोस्पायरा हा पिळदार आकाराचा, स्क्रूसारखा दिसणारा जीवाणू आहे. उंदराच्या मूत्रपिंडात तो बिऱ्हाड करून राहतो. गंमत अशी, की उंदराला त्याचा काही त्रास होत नाही. तो खातो, पितो, पिलं घालतो आणि महिनोन्‌महिने, अनेकदा मरेपर्यंत, लघवीतून हे जंतू बाहेर टाकत राहतो. उन्हानं तापलेल्या कोरड्या फुटपाथवर ते फार काळ तग धरत नाहीत. ओलसर माती, गटार, साचलेलं पाणी अशा जागी मात्र ते काही आठवडे जगतात, आणि सगळं जुळून आलं तर महिनेसुद्धा.

म्हणून जानेवारीत आणि जुलैत एखाद्या गल्लीत उंदीर तेवढेच असले तरी धोका तेवढाच नसतो. जानेवारीत उंदीर आपल्या बिळात, त्याची घाण गटारात आणि माणूस रस्त्यावर, असा तिघांचा संसार वेगवेगळा चाललेला असतो. पावसात गटार भरून रस्त्यावर येतं, बिळांत पाणी शिरतं आणि मार्केटच्या मागचा कचरा तरंगत दारापर्यंत पोचतो. तिन्ही संसार एकत्र होतात आणि माणूस त्यात गुडघाभर उभा असतो.

जंतू शरीरात शिरायला मोठी जखम लागत नाही. टाचेची भेग, नखाजवळचं सालपट, खरचटलेला गुडघा, एवढं पुरतं. तासनतास पाण्यात राहून पांढरी, मऊ पडलेली कातडीही त्यांना अडवू शकत नाही. डोळे, नाक, तोंड हेही रस्ते आहेतच. पावसाळ्यात उंदीर चावण्यापेक्षा चप्पल चावलेली जास्त महागात पडू शकते, असं म्हटलं तर ती अतिशयोक्ती ठरणार नाही.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी. लेप्टो फक्त उंदरांमुळे होत नाही. गाई-म्हशी, डुकरं, कुत्री यांच्या लघवीतूनही तो पसरतो. कोकणात भातलावणीच्या दिवसांत चिखलात उभं राहणाऱ्यांना तो होतो, आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यानं त्याच्या साथीही पाहिल्या आहेत. तिथे उंदरांबरोबर जनावरांचाही विचार करावा लागतो. दाट वस्तीच्या शहरात मात्र पहिला संशय उंदीर आणि घुशीवरच जातो.

साधा ताप आणि लेप्टो: फरक कसा कळणार?

पाण्याशी संपर्क आला त्याच दिवशी काही होत नाही. लक्षणं दिसायला बहुधा ५ ते १४ दिवस लागतात, कधी दोनच दिवस, तर कधी महिनाभर. सुरुवात एकदम होते: थंडी वाजून ताप, डोकं ठणकणं, अंग मोडून येणं. पोटऱ्या आणि कंबर विशेष दुखतात, इतक्या की पोटरीला हात लावलेला सहन होत नाही. डोळे लाल होतात, पण डोळे आल्यावर येतात तशी चिपडं येत नाहीत. या दोन खुणा लक्षात ठेवण्यासारख्या आहेत, पण त्या प्रत्येकात दिसतीलच असं नाही.

खरी अडचण ही, की याच दिवसांत मुंबईत मलेरिया असतो, डेंग्यू असतो, साधा फ्लूही असतो. पहिले तीन-चार दिवस हे सगळे एकमेकांची सोंगं घेऊन वावरतात. रक्तात लेप्टोविरुद्धची प्रतिपिंडं शोधणारी जी नेहमीची चाचणी आहे, ती साधारण आठवडा उलटेपर्यंत निगेटिव्ह येऊ शकते, कारण तोवर शरीरानं प्रतिपिंडं पुरेशी तयारच केलेली नसतात. पीसीआर चाचणी लवकर सांगू शकते, पण ती प्रत्येक गल्लीतल्या दवाखान्यात होत नाही. म्हणून अनुभवी डॉक्टर रिपोर्टची वाट पाहत बसत नाहीत. पाण्यातून चालल्याचा इतिहास आणि लक्षणं जुळली की प्रतिजैविक सुरू करतात. डॉक्सिसायक्लिन, पेनिसिलिन, सेफ्ट्रिॲक्झोन ही काही नवी किंवा दुर्मीळ औषधं नाहीत. लवकर दिली तर ती चांगली लागू पडतात.

बहुतेक रुग्ण बरे होतात. काहींचा ताप चार-पाच दिवसांनी उतरतो, घरचे निश्चिंत होतात, आणि मग आजार उलटतो. कावीळ, लघवी कमी होणं, मूत्रपिंडं बंद पडणं, फुप्फुसात रक्तस्राव. आजाराच्या या तीव्र रूपाचं वर्णन जर्मन डॉक्टर ॲडॉल्फ वाइल यांनी १८८६ मध्ये केलं होतं, म्हणून त्याला वाइल्स डिसीज म्हणतात. तो ज्या जंतूमुळे होतो तो जंतू १९१५ च्या सुमारास जपानमध्ये इनाडा आणि इडो यांनी शोधून काढला. फुप्फुसात रक्त उतरायला लागलं की हाताशी फार थोडे तास उरतात. अशा रुग्णांच्या घरून एक वाक्य नेहमी ऐकू येतं: "साधा ताप समजून केमिस्टकडून गोळ्या आणल्या होत्या."

जगभरात दरवर्षी सुमारे १० लाख लोकांना लेप्टो होतो आणि जवळपास ५९ हजार मरतात, असा २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला अंदाज आहे. अंदाज म्हणायचं कारण, मोजदाद नीट होतच नाही. चाचणी न झालेले, डेंग्यू म्हणून खपून गेलेले, रुग्णालयात पोचण्याआधीच गेलेले यात मोजले जात नाहीत. मुंबईला या आजाराची मोठी जाणीव झाली ती २००५ मध्ये. २६ जुलैला सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. लाखो माणसं रात्रभर छातीएवढ्या पाण्यातून चालत घरी गेली आणि पुढच्या आठवड्यांत रुग्णालयांत लेप्टोचे रुग्ण कित्येक पटींनी वाढले.

उंदरांमुळे होणारे इतर आजार आहेतच. उंदरांच्या पिसवांमुळे होणारा म्युरिन टायफस, हंटाव्हायरसच्या प्रकारातले आजार, उघड्या अन्नावर फिरलेल्या उंदरांमुळे पोटाला होणारा साल्मोनेलाचा संसर्ग. २०१८ मध्ये हाँगकाँगमध्ये एका माणसाला उंदरांमधला हेपेटायटिस ई झाल्याचं आढळलं. माणसात तो सापडल्याची ती पहिली नोंद. या यादीनं घाबरून जायचं कारण नाही. आपल्याकडे पावसाळ्यात जीव जातो तो बहुतेक लेप्टोनं.

आपल्या मनातला उंदीर अजून प्लेगचाच

असं असूनही आपली सरकारी व्यवस्था आणि आपलं मन, दोन्ही उंदरांकडे पाहतात ते प्लेगच्या चष्म्यातून. त्याला कारणही तसंच आहे.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात, गोदीजवळच्या धान्याच्या वखारींमधल्या वस्तीत, डॉ. अकॅसियो व्हिएगस यांना एका रुग्णात प्लेगची लक्षणं दिसली. व्हिएगस मूळचे गोव्याच्या हडफड्याचे. पुढच्या अडीच-तीन दशकांत या साथीनं देशभरात एक कोटीहून अधिक बळी घेतले. पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांना संसर्ग झाला आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. त्याच वर्षी जूनमध्ये चापेकर बंधूंनी प्लेग कमिशनर रँड याच्यावर गोळ्या झाडल्या. घराघरांत शिरून झडती घेणारे सोल्जर, रेल्वे स्टेशनवरची तपासणी, गावाबाहेर शेतात झोपड्या टाकून राहणं, या आठवणी मराठी घरांत दोन-तीन पिढ्या सांगितल्या गेल्या.

त्या आठवणींत एक शब्दप्रयोग होता: उंदीर पडायला लागले. घरात मेलेले उंदीर दिसले की गाव सोडायचं. हे शहाणपण लोकांना विज्ञानाच्या आधी कळलं होतं. उंदरांच्या पिसवांमुळे प्लेग पसरतो, हे पॉल-लुई सिमों यांनी १८९८ मध्ये कराचीत दाखवलं आणि पुढे मुंबईत लिस्टन आणि प्लेग संशोधन आयोगानं ते पक्कं केलं. प्लेगनं उंदीर मरतो, त्याचं अंग थंड पडतं, पिसवा दुसरं गरम शरीर शोधतात आणि माणसाला चावतात. म्हणजे प्लेगमध्ये उंदीर स्वतः बळी होता आणि त्याचं मरण हा माणसांसाठी इशारा होता.

लेप्टोत नेमका हा इशाराच नाही. लेप्टोचा उंदीर पडत नाही. तो धडधाकट असतो, रात्री दुकानाच्या शटरखालून पळताना दिसतो. मेलेल्या उंदरांवर नजर ठेवून प्लेग ओळखता येत असे, लेप्टोची चाहूल त्या पद्धतीनं लागणार नाही.

परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये, जिथे वॉल्डेमार हाफकिन यांची प्लेग प्रयोगशाळा गेली होती, आज हाफकिन संस्था आहे. मुंबई महापालिकेनं मारलेल्या उंदरांपैकी काही नमुने प्लेगच्या तपासणीसाठी तिथे पाठवण्याची पद्धत आहे. ती बंद करा, असं कुणी म्हणणार नाही. १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात आणि नंतर सुरतमध्ये प्लेग परत आला, तेव्हा अशी नजर ठेवण्याची किंमत कळली होती.

मूषक संहारक आणि मेलेल्या उंदरांचा हिशेब

मुंबई महापालिकेच्या कीटकनाशक विभागात एक पद आहे: रात्रपाळीचा मूषक संहारक. गणपतीच्या शहरात हे नाव जरा कानाला खटकतं, पण काम खरं आहे आणि कष्टाचं आहे. एका हातात विजेरी, दुसऱ्या हातात काठी. मध्यरात्री मार्केट, गल्ल्या, रेल्वेलगतच्या वस्त्या पालथ्या घालायच्या, डोळ्यांवर उजेड पडून क्षणभर थबकलेल्या उंदराला काठीनं मारायचं, गोणीत टाकायचं आणि सकाळी चौकीवर मोजून द्यायचं. रात्रीला ३० उंदरांचं लक्ष्य. या पदासाठी पदवीधरांचे अर्ज आल्याच्या बातम्याही येऊन गेल्या. याशिवाय सापळे, बिळांत विषारी गोळ्या आणि उंदरामागे ठरावीक रक्कम घेणाऱ्या संस्था आहेतच. वर्षाचा आकडा लाखांत जातो.

आकडा लाखांत जातो, मग उंदीर कमी का होत नाहीत?

उत्तराचा एक भाग साध्या गणितात आहे. मादीचे दिवस जेमतेम तीन आठवड्यांत भरतात, एका वेतात पाच-दहा किंवा त्याहून जास्त पिलं होतात आणि ती दोन-तीन महिन्यांत स्वतः वीण घालू लागतात. एका जोडीपासून वर्षात हजारो उंदीर, असा हिशेब यावरूनच मांडला जातो. पण तो कागदावरचा हिशेब आहे. खरोखर तसं झालं असतं तर आपल्याला उभं राहायला जागा उरली नसती. प्रत्यक्षात एका गल्लीत किती उंदीर राहणार, हे ठरवतं तिथलं अन्न आणि लपायची जागा. दहा मारले तर दहा जणांचा वाटा उरलेल्यांना मिळतो. जास्त पिलं जगतात, शेजारच्या गल्लीतून पाहुणे येतात, आणि काही महिन्यांत पंगत पुन्हा पूर्ण भरते.

हे काही नव्यानं कळलेलं नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात उंदरांवर विषाची मोठी मोहीम झाली. त्यानंतर डेव्हिड डेव्हिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे वर्षानुवर्षं गल्लीनिहाय नोंदी ठेवल्या. विष घातलेल्या गल्ल्यांत उंदीर परत आले. जिथे कचऱ्याचे डबे बंद झाले, अंगणांतली अडगळ गेली, घरांची डागडुजी झाली, तिथे ते कमी झाले आणि कमीच राहिले.

कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये संशोधकांनी याच्या पुढचा प्रश्न विचारला. उंदीर मारल्यावर उरलेल्या उंदरांमधला आजार कमी होतो का? २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात उलटंच दिसलं. ज्या भागात उंदीर पकडून मारले, तिथल्या उरलेल्या उंदरांमध्ये लेप्टोस्पायरा असण्याची शक्यता वाढली होती. त्यांचं स्पष्टीकरण असं, की उंदीर कुटुंब धरून, हद्द आखून राहतात. मधले काही मारले की घडी विस्कटते, उरलेले इकडेतिकडे फिरतात, भांडतात, परक्या टोळ्यांत मिसळतात आणि जंतूही मिसळतात. हा एका शहरातला, मर्यादित आकाराचा अभ्यास आहे. त्यावरून मुंबईत उंदीर मारणं थांबवा, असा निष्कर्ष काढणं घाईचं होईल. पण मेलेल्या उंदरांचा आकडा वाढला म्हणजे आजार कमी झाला, हे गृहीत धरता येत नाही, एवढं त्यातून नक्की कळतं.

आणि आकड्यांचं म्हणाल, तर महाराष्ट्राला त्याचा एक अस्सल अनुभव आहे. मार्च २०१८ मध्ये एकनाथ खडसे यांनी विधानसभेत सांगितलं, की मंत्रालयात सात दिवसांत ३,१९,४०० उंदीर मारल्याचं कागदोपत्री दाखवलं आहे. म्हणजे दिवसाला पंचेचाळीस हजारांवर. सभागृह हसलं, वृत्तवाहिन्यांना आठवडाभराचा खुराक मिळाला. नंतर खुलासा आला, की तो आकडा उंदरांचा नाही, विषाच्या गोळ्यांचा आहे. त्या वादात कोण खरं, हा भाग बाजूला ठेवू. गोळ्या असोत की उंदीर, मंत्रालयातले उंदीर कमी झाले का, हे त्या दोन्ही आकड्यांतून कळत नव्हतं. महापालिकेचे वार्षिक आकडेही तसेच आहेत. किती मारले, हे त्यांतून कळतं. किती उरले आणि उरलेल्यांतल्या किती जणांच्या मूत्रपिंडात लेप्टो आहे, हे कळत नाही.

सुरतनं काय केलं होतं?

सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतमध्ये फुप्फुसाच्या प्लेगची बातमी पसरली आणि काही दिवसांत काही लाख लोकांनी शहर सोडलं. त्यात यंत्रमागांवर काम करणारे खानदेशी मजूरही होते. जळगाव, धुळ्याकडे जाणाऱ्या गाड्या भरून आल्या आणि त्यांच्याबरोबर भीतीही आली. मृतांचा आकडा पन्नासच्या थोडा वर राहिला, पण परदेशी विमान कंपन्यांनी उड्डाणं रद्द केली, निर्यात अडली.

त्या पावसाळ्यात तापीचा पूर ओसरल्यावर शहरात चिखल, मेलेली जनावरं आणि कचऱ्याचे ढीग पडून होते. १९९५ मध्ये एस. आर. राव महापालिका आयुक्त म्हणून आले. त्यांची आठवण लोक आजही काढतात ती उंदीर मारण्याच्या मोहिमेसाठी नाही. अधिकारी सकाळी कार्यालयात न बसता वॉर्डांत फिरू लागले. रात्रीची झाडलोट सुरू झाली. घाण करणाऱ्या हॉटेलांना, मग ती कुणाचीही असोत, दंड झाला. झोपडपट्ट्यांत नळ, संडास, फरसबंदी आली. १९९६ मध्ये इंटॅकच्या पाहणीत सुरत हे चंदीगडखालोखाल देशातलं दुसरं स्वच्छ शहर ठरलं.

मुंबई सुरतपेक्षा मोठी आणि गुंतागुंतीची आहे, हे मान्यच. पण मुंबईच्या उंदरांना जेवण कोण वाढतं, हे शोधायला आयोग नेमावा लागत नाही. रात्री अकरानंतर कुठल्याही भाजी मंडईच्या मागे जावं, खाऊगल्लीतल्या गाड्या बंद झाल्यावर तिथल्या नाल्याच्या जाळीत डोकावावं, किंवा कबुतरांना टाकलेल्या दाण्यांचं सूर्यास्तानंतर काय होतं ते पाहावं. चाळींच्या मागच्या घरगल्ल्या तर पिढ्यान्‌पिढ्या उंदरांच्या मालकीच्या आहेत. वरच्या मजल्यावरून फेकलेला कचरा तिथे पडतो आणि तो उचलायची जबाबदारी मालकाची, भाडेकरूंची की पालिकेची, यावर वाद चालू राहतो. एखादी जुनी इमारत पाडली की तिथल्या माणसांना संक्रमण शिबिरात जागा मिळते, उंदीर आपली सोय शेजारच्या इमारतीत करून घेतात.

न्यूयॉर्कसारख्या श्रीमंत शहरालाही शेवटी याच मुद्द्यावर यावं लागलं. २०२३ मध्ये तिथे उंदरांच्या बंदोबस्तासाठी स्वतंत्र अधिकारी नेमला गेला. पण खरा बदल होता फुटपाथवर रात्रभर पडून राहणाऱ्या काळ्या पिशव्यांऐवजी झाकणाचे डबे सक्तीचे करण्याचा.

पुढची वर्षं सोपी नसतील. जगातल्या १६ शहरांच्या नोंदी तपासणारा एक अभ्यास जानेवारी २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांपैकी ११ शहरांत उंदीर वाढल्याचं दिसलं आणि जिथे तापमान जास्त वाढलं तिथे उंदीरही जास्त वाढले होते. भारतातलं एकही शहर त्यात नव्हतं. मुंबईत तशी थंडी कधीच नव्हती, त्यामुळे तो निष्कर्ष जसाच्या तसा इथे लावता येणार नाही. आपल्यासाठी मुद्दा पावसाचा आहे. कमी वेळात जास्त पाऊस पडू लागला, की गटार आणि रस्ता यांच्यातली सीमा पुसली जाण्याचे दिवस वाढतात. उंदीर एकही न वाढता लेप्टो वाढायला तेवढं पुरेसं आहे.

पाण्यातून चालावंच लागलं तर?

मुंबईत "साचलेल्या पाण्यात जाऊ नका" हा सल्ला देणं सोपं आहे. लोकल बंद, बस नाही आणि घरी मूल एकटं आहे, अशा वेळी माणूस पाण्यातूनच जाणार. गमबूट असतील तर उत्तम. नसतील तर निदान पायाची जखम पट्टीनं नीट झाकावी आणि घरी गेल्यावर पाय साबणानं स्वच्छ धुवून कोरडे करावेत.

त्यानंतरची गोष्ट जास्त महत्त्वाची. महापालिका दर पावसाळ्यात सांगते, की पाण्याशी संपर्क आल्यापासून ७२ तासांच्या आत डॉक्टरांच्या सल्ल्यानं प्रतिबंधक औषध घ्यावं. पालिकेच्या सूचनांनुसार, पायाला जखम नाही आणि एकदाच पाण्यातून चालणं झालं, तर प्रौढ माणसाला डॉक्सिसायक्लिन २०० मिलिग्रॅमचा एकच डोस. जखम असेल किंवा तोंडात पाणी गेलं असेल, तर रोज एकदा, असे तीन दिवस. गर्भवतींना आणि आठ वर्षांखालच्या मुलांना डॉक्सिसायक्लिन देत नाहीत, त्यांच्यासाठी ॲझिथ्रोमायसिन असतं. हे औषध पालिकेच्या दवाखान्यांत मिळतं. त्यानं धोका कमी होतो, पण तो पूर्ण टळतो असं नाही. म्हणून गोळी घेतलेली असली तरी पुढच्या तीन-चार आठवड्यांत ताप आला, तर डॉक्टरांनी विचारायची वाट न पाहता आपणहून सांगावं: अमुक तारखेला पाण्यातून चाललो होतो.

पाळलेल्या कुत्र्यांना जी लस देतात तिच्यात बहुधा लेप्टोचीही लस असते. माणसांसाठीची लस क्यूबा, फ्रान्स अशा मोजक्या देशांत वापरली जाते, आपल्याकडे ती नेहमीच्या वापरात नाही. त्यामुळे तूर्त भरवसा गोळीवर आणि गमबुटांवरच.

पालिकेच्या सूचनांत तिसरा गट आहे, जास्त धोका असलेल्यांचा. पाण्यात एकाहून जास्त वेळा उतरावं लागतं, त्यातच काम करावं लागतं, असे लोक. त्यांच्यासाठी आठवड्यातून एकदा २०० मिलिग्रॅम, असे सहा आठवडे. नाले साफ करणारे, तुंबलेली मॅनहोल उघडणारे, कचरा गाडीत भरणारे, आणि ते रात्रपाळीचे मूषक संहारकही याच गटात येतात. त्यांच्यातले बरेच जण कंत्राटी आहेत. सहा आठवड्यांत ठेकेदार बदलतो, वॉर्ड बदलतो, हजेरीच्या वहीत नावंही बदलतात. पहिली गोळी कुणी कधी दिली, दुसरी कुणी द्यायची आणि फाटलेल्या गमबुटांच्या जागी नवे केव्हा मिळणार, हे लिहून ठेवणारी वही प्रत्येक चौकीवर असायला हवी. मेलेल्या उंदरांची वही तिथे आहेच.